तिसरी पाठ

किकवी,
फेब्रुवारीतला पहिला रविवार

आदरणीय रखमाजी दाजी यांस,

तुमचा मेहुणा चिमाजी याचा सप्रेम जय भीम. रतनअक्कालाही सांगा, असं लिहिणार होतो, पण सांगू नका. हे पत्र तुम्ही एकट्याने वाचावं म्हणून तर पत्र आहे. एरवी फोन केला असता. पण तुमचा मोबाईल अक्का उचलते, स्पीकरवर लावते आणि ओट्यावर ठेवून देते. मग मी विचारतो, तुम्ही हुंकार भरता आणि उत्तर अक्का देते. म्हणून शाळेच्या पत्त्यावर पाठवतो आहे. हेडमास्तर तुमच्या हातात देतील. ते तुम्हाला फार मानतात. (मला ते दरवर्षी नव्याने विचारतात, आपण कोण?)

तुमची पाठ कशी आहे? मनापासून विचारतो. तुमच्या वेल्ह्याकडे थंडी जास्त, घर डोंगराच्या सावलीत, म्हणजे दुखत असणार. दुखत असेल तर मला वाईट वाटतं. दुखत नसेल तर जास्त वाईट वाटतं, कारण तुमच्या पाठीसाठी सरकार पेन्शन देतं आणि माझी फुकट दुखते. इकडे सगळं ठीक. संजीवनी बरी आहे. पुढच्या महिन्यात मुंबईला माझ्या अपंगत्वाच्या पेन्शनच्या अपिलाची सुनावणी आहे, हे तुम्हाला ठाऊक आहेच. अक्काने तुमच्या वतीने शुभेच्छा दिल्या, तेव्हा तुमचा हुंकार मी ऐकला.

पत्राचं कारण म्हणजे कमरेचा पट्टा. मागे अक्काने तुमचा जुना पट्टा माझ्यासाठी पाठवला होता, तो परत करतो आहे. तुम्हाला मिलिटरी हॉस्पिटलातून नवा मिळाला, आतून स्पंज असलेला, हे मी पाहिलं. मला त्याचं काही नाही. जुनाही चांगला आहे. फक्त त्याला तुमच्या पोटाचा आकार आलेला आहे, त्यामुळे तो मला आधार देण्याऐवजी दिवसभर तुमची आठवण देतो. माणसाने दुसऱ्याचं दुखणं वापरू नये. आपलं स्वतःचं असताना तर नाहीच.

तर पट्टा परत करायचा, एवढंच होतं. पण कागद हातात घेतलाच आहे तर सव्वीस जानेवारीबद्दल लिहितो. तुमच्या गावच्या शाळेत तुमचा सत्कार झाला. दरवर्षी होतो. मी दरवर्षी येतो, कारण अक्का बोलावते आणि नंतरचं जेवण चांगलं असतं. या वर्षी तुम्हाला हातांची खुर्ची होती आणि खुर्चीवर उशी. सरपंचबाईंनाही उशी नव्हती. मी खाली सतरंजीवर होतो. सतरंजीवर बसायला मला काही अडचण नाही, उठायला आहे. राष्ट्रगीत सुरू झालं तेव्हा मी उठायला लागलो आणि संपलं तेव्हाही उठतच होतो. (तुम्हाला बसून राहायची मुभा होती, तरी तुम्ही खुर्चीचे हात धरून उभे राहिलात. ते सगळ्या गावाने पाहिलं.) माझ्यामागे कोणीतरी हळूच म्हणालं की पाव्हणे फौजी म्हणवतात आणि राष्ट्रगीताला बसून. मी मागे वळून बघणार होतो, पण वळणंही मला जमत नाही.

मग तुम्ही ती हकिकत सांगितलीत. मी ती इतक्यांदा ऐकली आहे की तुम्ही कुठे पाणी पिता तेही सांगू शकतो. धुकं, बर्फाचा उतार, वरच्या चौकीला रसद घेऊन जाणारी आपली तुकडी, मागे पडलेलं एक खेचर. ते घसरलं, त्याचा धक्का तुम्हाला बसला आणि तुम्ही खाली खडकावर पाठीवर पडलात. इथवर शब्द न शब्द खरा आहे. मग तुम्ही थांबता, पाणी पिता आणि म्हणता, ‘तशा मोडल्या पाठीनं म्या खालची चौकी गाठली.’ टाळ्या. मीही वाजवल्या. वाक्य खोटं नाही, तुम्ही चौकी गाठलीत. कशी गाठलीत, ते दरवर्षी सांगायचं राहून जातं. पोरं कंटाळलेली असतात, जिलेबी थंड होत असते, मी समजू शकतो.

जेवणानंतर तुम्ही ओसरीवर पालथे झोपलात आणि अक्का तुमच्या पाठीला निरगुडीचं तेल चोळत बसली. मी समोर होतो. इतक्या हळू हाताने अक्का कधी भाकरीलाही हात लावत नाही. मी म्हटलं, अक्का, माझीही जरा धरली आहे. ती म्हणाली, ‘तुला काय धाड भरली, तू तरना हाईस.’ माझी पन्नाशी उलटून गेली आहे, दाजी. पण ज्याच्याकडे कागद नाही त्याचं दुखणं म्हणजे नुसती तक्रार असते. तुमच्याकडे कागद आहे, म्हणून तुमची पाठ म्हणजे पाठ आणि माझी म्हणजे सवय.

माझ्या उजव्या पायाचं तुम्हाला सांगितलं नसेल. कमरेतून एक तार निघते आणि टाचेपर्यंत जळत जाते. त्याच्यापुढे पाऊल बधिर आहे. चप्पल पायातून निघते आणि मला पत्ता लागत नाही. मागे भोरच्या स्टँडवरून तालुक्याच्या कचेरीपर्यंत मी एका चपलेत गेलो. शिपायाने सांगितलं तेव्हा समजलं. परत येऊन बघतो तर चप्पल गाडी लागते तिथेच पडली होती. एका चपलेला कोण घेणार. वरव्याच्या कारखान्याच्या गेटवर माझी ड्यूटी असते, तिथे उभं राहायचं काम आहे. मी भिंतीला टेकतो. मॅनेजरने टेकताना पाहिलं आहे आणि गेटला टेकणारा वॉचमन नको, असं त्याने सांगून झालं आहे. गेट आज ना उद्या जाणार, आणि मुंबईलाही हरलो तर पेन्शनही नाही. मग घरी बसेन. आमच्याकडे हातांची खुर्ची नाही.

तुम्ही म्हणाल, आधीची अपिलं का फेटाळली गेली. पहिलं न बघता फेटाळलं. दुसऱ्याच्या वेळी पुण्याला मेडिकल बोर्डापुढे पुन्हा बोलावलं, आणि तिथे मी स्वतःच घात केला. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. संजीवनीला अर्धं सांगितलं आहे. आदल्या संध्याकाळी मी पेटीतले बूट काढले. तुम्हाला कळेल. बोर्डापुढे चपलेत कोण जाईल? पॉलिश केलं, सकाळी नाड्या घोट्यावर करकचून बांधल्या. संजीवनी दारात उभी राहून म्हणाली, ‘दुखनं दाखवाया चाललाय का परेडीला?’ मी नाडीला आणखी एक गाठ मारली. बोर्ड म्हणजे काय हे बायकांना कळत नाही, असं मला त्या सकाळपर्यंत वाटत होतं.

डॉक्टर मेजर होत्या, आपल्या मुलीच्या वयाच्या. पण खांद्यावर जे होतं ते होतं. मी सावधान झालो. त्यांनी चालायला सांगितलं, मी चाललो. बूट घट्ट असल्यामुळे पाऊल लोंबलं नाही. उलट टाचा वाजल्या. मग त्यांनी हिंदीत सांगितलं की पुढे वाका, जमेल तेवढंच. दाजी, ‘जमेल तेवढंच’ हे मी नंतर ऐकलं. आधी ‘वाका’ ऐकलं. भरतीनंतर तुम्हीच आम्हाला शिकवलं होतं की हुकूम आला की अंग पुढे, डोकं मागून. मी वाकलो. दोन्ही तळवे फरशीला टेकवले. ती जळती तार टाचेपर्यंत गेली, डोळ्यांपुढे सगळं पांढरं झालं, पण चेहरा हलला नाही. चेहरा हलवायचा हुकूम नव्हता. दुखतं का, त्यांनी विचारलं. ‘नहीं साब,’ मी म्हणालो. हे मी म्हणालो नाही, ते आत बसलेलंच होतं, बाहेर आलं. त्या म्हणाल्या, शाबास.

पुष्कळ वर्षांनी कोणीतरी शाबास म्हणालं होतं. मी खुशीत बाहेर पडलो. स्वारगेटला मिसळ खाल्ली. एसटीत खिडकी मिळाली. खेड शिवापूर गेलं, नसरापूरचा फाटा गेला आणि कापूरव्होळ आलं तेव्हा मी काय करून आलो हे मला कळलं. मी कपाळावर हात मारला. शेजारच्या बाईंनी विचारलं, काही विसरलं का? मी म्हटलं, दुखणं. त्या जरा सरकून बसल्या.

तुमच्या बोर्डाची गोष्ट तुम्ही सांगितलेली आठवते. तुम्हाला वाका म्हणाले, तुम्ही ‘नहीं होता साब’ म्हणालात आणि तसेच उभे राहिलात. एवढंच. ते धैर्य माझ्यात नाही. त्यावर तुम्हाला पेन्शन लागली, पुढे टक्के वाढले, गावात पोरं तुम्हाला वाट करून देतात. मी नोकरीत एकही हुकूम मोडला नाही. त्याचं आता काय करायचं ते सांगा.

निकाल टपालाने आला. मणका झिजला आहे, हे त्यांना मान्य. नस दबली आहे, हेही मान्य (ते फोटोत दिसतं, बूट घातले तरी). वीस टक्के अपंग, तेसुद्धा मान्य. फक्त या दुखण्याचा लष्करी सेवेशी संबंध नाही. संजीवनीने ते दोनदा वाचलं आणि विचारलं, ‘मग कुणाशी हाय? माज्याशी?’ मी म्हटलं, तसं लिहिलेलं नाही. ती म्हणाली, ‘लिवलं नसलं तरी निगतंय की तसं.’ तेव्हापासून पाण्याचा हंडा उचला, असं ती मला म्हणत नाही. स्वतः उचलते आणि उचलताना माझ्याकडे बघते. हंडा परवडला असता.

त्यानंतर मी पुण्यातल्या शेफाली वकीलबाईंना गाठलं. त्या फौजींची अपिलं चालवतात. वयाने लहान, बोलायला तोडून. त्यांनी विचारलं, पाठ पहिल्यांदा कधी गेली? मी म्हटलं, वजन उचलताना. कसलं वजन? सरकारी होतं का? मी म्हटलं, हो, म्हणजे त्या वेळी सरकारी होतं. त्यांनी पेन खाली ठेवलं. मी म्हटलं, माणूस होता. कोण? मी म्हटलं, हल्ली नात्यात आहे.

मग त्यांनी अर्ज करून त्या दिवसाचा जुना अहवाल मागवला. तो आला, मी वाचला, आणि दाजी, मला रात्रीचं जेवण गेलं नाही. त्या अपघातात तीन पाठी होत्या. तुमच्या पाठीवर अर्धं पान आहे. ते योग्यच आहे, तुमचा मणका मोडला होता. पण खेचराच्या पाठीवरही एक परिच्छेद आहे. जनावराच्या डॉक्टरने त्याला तपासलं, सूज कुठे, किती, ते लिहिलं, महिनाभर ओझं लादू नये आणि गूळ द्यावा अशी शिफारस केली. शेवटी लिहिलं आहे की दुखापत कर्तव्यावर असताना झाली. ती खेचराची, माझी नव्हे. मी त्या कागदात एकदा येतो: ‘सोबत एक जवान’. खेचराला नंबर तरी आहे. तुमच्यावर मी जळतो हे तुम्हाला माहीत आहे, अक्कालाही माहीत आहे, त्यात लपवण्यासारखं काही राहिलं नाही. पण एव्हाना कधीच मरून गेलेल्या खेचरावर जळायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

वकीलबाई म्हणाल्या, तुम्ही त्याच दिवशी डॉक्टरला का सांगितलं नाही? त्यांना कसं समजावणार. तुम्ही ओरडत होता. एका तुकडीत एका वेळी एकाने ओरडलेलं पुरे असतं. तो उतार तुम्हाला आठवत असेल तर मला वेगळा आठवत असणार, कारण तुम्ही तो माझ्या डोक्यावरून पाहिलात आणि मी माझ्या पायांकडे बघून. बाकीचे वर गेले होते, हाक पोहोचत नव्हती. मी तुम्हाला पाठीवर घेतलं, पट्ट्याने बांधलं आणि उतरायला लागलो, खेचर आपणहून मागोमाग आलं. (पाठ मोडलेल्या माणसाला असं उचलायचं नसतं, हे नंतर डॉक्टरने मला खडसावून सांगितलं. धुक्यात स्ट्रेचर उगवत नाही, हे मी त्याला सांगितलं नाही.) पाठीवर असूनही तुम्ही नाईक होता. डावीकडं चिमा, डावीकडं, आता उजवीकडं, गाढवा, दगड बघ. अख्ख्या उतारावर एवढंच. दमलास का, असं एकदाही विचारलं नाहीत. ओढा ओलांडताना माझ्या कमरेत काहीतरी ओल्या दोरासारखं तटकन सुटलं. मी तसाच चाललो, कारण तुम्ही उजवीकडं म्हणाला होता.

चौकीवर तुम्हाला स्ट्रेचरवर घेतलं, खेचराच्या अंगावर घोंगडी टाकली आणि मला चहा दिला. माझ्या पाठीवर झालेला तो पहिला आणि शेवटचा सरकारी उपचार. चहा चांगला होता. दुसऱ्या दिवशी मी ड्यूटीवर होतो, त्यानंतर पुष्कळ वर्षं होतो. पुढे तुम्ही घरी आलात, तुमची पेन्शन लागली, आणि माझ्या आईला वाटलं की ज्याला चिमाने एवढं जपलं तो माणूस बरा असणार. (आईला मी फक्त ‘जपलं’ एवढंच सांगितलं होतं. उतार सांगितला असता तर ती मला ओरडली असती.) म्हणजे तुम्हाला उतरवून दिलं आणि वर बहीणही दिली. मला आठवत नाही की एवढं कोणी खेचरासाठी केलं असेल.

असो. हे सगळं मी काही मागण्यासाठी लिहिलेलं नाही. मन मोकळं केलं. माणसाचं नशीब ज्याचं त्याच्याजवळ, आणि पाठही. तुम्ही सुखात राहा, उशी असू द्या, तेल असू द्या. थंडी आहे तोवर गार पाण्याने अंघोळ करू नका. तुमच्याकडचा इंद्रायणी तांदूळ संजीवनीला फार आवडला, हे अक्काला सांगितलंत तर चालेल.

तुमचा मेहुणा,
चिमाजी
(अहवालात: ‘सोबत एक जवान’)

ता. क. पट्टा परत करतो असं वर लिहिलं आहे. करत नाही. एवढा वेळ बसून लिहिल्यामुळे पाठ धरली आणि आता तो घातला आहे. तुमच्या पोटाच्या जागी मी टॉवेल घालतो.

ता. क. दुसरं. वकीलबाईंचं म्हणणं असं आहे की पाहणारा माणूस असला तर अपील उभं राहतं. पाहणारा एकच होता. तुम्ही शपथेवर लिहून द्यायचं की त्या दिवशी चिमाजीने मला पाठीवरून खाली आणलं आणि ओढ्यापासून तो वाकडा चालत होता. वाकडा चालत होतो हे तुम्हाला माहीत आहे. तुम्ही मला त्यावरून गाढव म्हणाला होता. बोलावलं तर मुंबईला उभं राहून तेच सांगायचं. मी सगळा विचार केला आहे. भोरच्या नोटरीकडे जायला नको, तो तुमच्या गावचा जावई आहे. पुण्याला करू. मुंबईत वेल्ह्याचं कोणी ऐकणारं नसेल. अक्काला सांगायचं की माझ्या सोबतीला चाललो. पुढच्या सव्वीस जानेवारीला तुम्ही पुन्हा मोडल्या पाठीनं चौकी गाठा, मी सतरंजीवरून टाळ्या वाजवीन, नेहमीपेक्षा जोरात. एका दिवसासाठी फक्त मुंबईत माझ्या पाठीवरून या. नाही म्हणालात तरी राग धरणार नाही. तांदळाचं मात्र तेव्हा अक्काला सांगू नका.

ता. क. तिसरं. पाकीट चिकटवणार तेवढ्यात संजीवनीने हे वाचलं. विचारून नव्हे. वाचता वाचता ती हसायला लागली. मला वाटलं खेचराला हसते. ती म्हणाली, ‘अक्कास्नी समदं ठावं हाय. लगीन झाल्या वर्सापास्नं.’ मी म्हटलं, कसं? मी कधी बोललो नाही. ती म्हणाली, ‘दाजी झोपंत बोलत्यात. चिमा डावीकडं, चिमा उजवीकडं. आन् मग म्हनत्यात, दमलास का रं.’ अक्काने हे तिला कितीतरी वर्षांपूर्वी सांगितलं होतं. मला कोणी सांगितलं नाही. तुम्हालाही सांगितलं नसणार, म्हणून लिहितो.

दमलो, दाजी. तुम्ही विचारलंत हे मला आज कळलं, म्हणून उत्तराला उशीर झाला. पत्र फाडून नवं लिहावं असं मनात आलं होतं, पण पुन्हा एवढं बसवणार नाही. सुनावणीच्या दिवशी तुमची पाठ धरली आणि गाडीत चढवेना, तर स्पीकरवर का होईना, कळवा. मी वेल्ह्याला येतो. तुमचं वजन मला माहीत आहे. फक्त या खेपेला डावं-उजवं मी ठरवणार.